मुलांचे चित्रपुस्तक कसे घडते?
(एक अभ्यास आणि एक लहानसा प्रयोग)

— द्वितीय वर्ष बी. ए.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. वडील सातवीपर्यंत शिकले. आई कांदाटी खोऱ्यातली. तिच्या लहानपणी तिच्या वाडीत शाळा नव्हती, आणि शाळेसाठी रोज डोंगर उतरणे मुलीच्या जातीला शक्य नव्हते. ती सही करते, आकडे ओळखते, स्ट्रॉबेरीच्या क्रेटचा हिशोब तोंडी ठेवते. पण तिला वाचता येत नाही. हे सारे येथे सांगण्याचे कारण एवढेच, की या लेखाचा विषय मला आईच्या मांडीवर उघडलेल्या एका पुस्तकात सापडला.

गेल्या वर्षी मे महिन्यात, स्ट्रॉबेरीचा हंगाम संपल्यावर, मी आईला आणि पहिलीतल्या धाकट्या भावाला घेऊन भिलारला गेले होते. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामधल्या या गावाला ४ मे २०१७ रोजी राज्य शासनाने 'पुस्तकांचं गाव' केले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाची कल्पना त्यामागे आहे. फरक असा, की तेथे पुस्तकांची दुकाने आहेत आणि भिलारला गावकऱ्यांच्या राहत्या घरांतून पुस्तकांची कपाटे मांडलेली आहेत. कोणीही जावे, बसावे आणि फुकट वाचावे. आम्ही बालसाहित्य असलेल्या घरात बसलो. भावाच्या हाती एक चित्रांचे पुस्तक देऊन मी पाणी प्यायला गेले. परत येऊन पाहते तो आई ते पुस्तक मांडीवर घेऊन त्याला गोष्ट सांगत होती. पान उलटण्याआधी ती थांबे, भावाच्या तोंडाकडे पाही आणि मगच पान उलटी. पुढे मी ते पुस्तक वाचले. छापील गोष्ट आणि आईची गोष्ट एक नव्हती; परंतु चित्रांशी दोन्ही जुळत होत्या.

तेव्हा मला प्रश्न पडला, की ज्या पुस्तकातले एक अक्षरही न वाचता माणूस ते 'वाचू' शकतो, ते पुस्तक तयार करणाऱ्याने कोणता विचार केला असेल? मराठी विभागाच्या प्रकल्पासाठी मी हाच विषय घेतला. आमच्या सरांनी अट घातली, "नुसते वाचून लिहू नका. एक पुस्तक स्वतः करून पाहा, मग लिहा." त्या अटीमुळे चार महिने गेले, पण जे कळले ते केवळ वाचून कळले नसते.

चित्रे असलेले पुस्तक आणि चित्रपुस्तक

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पुष्कळ पुस्तकांत चित्रे असतात. कादंबरीत मधूनमधून चित्र येते, ते काढून टाकले तरी कथा उभी राहते. असे चित्र म्हणजे मजकुराची शोभा. चित्रपुस्तकात मात्र चित्र आणि मजकूर यांनी काम वाटून घेतलेले असते. शब्द सांगतात ते चित्र पुन्हा सांगत नाही आणि चित्रात दिसते ते शब्दांनी सांगायचे नसते. बैलजोडीसारखे हे आहे. एकच बैल ओढू लागला तर नांगर वाकडा जातो.

ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गावी ठाकर समाजातील चित्रकथी पिढ्यानपिढ्या चित्रांवरून रामायण-महाभारतातील कथा सांगत आले आहेत. चित्रांचे सुटे कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात आणि त्यांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो आणि गातो. या कलेच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ज्यांना अक्षर येत नाही अशा श्रोत्यांसमोरही ही पोथी उघडते. भिलारला माझ्या आईने जे केले ते याच जातीचे होते, असे मला आता वाटते.

आपल्या सातारा जिल्ह्यातही एक मोठे उदाहरण आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. रामायणातील प्रसंगांची चित्रे त्यांनी स्वतः काढली आणि त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ साली मुंबईत छापून प्रसिद्ध झाले. ते केवळ मुलांसाठी नव्हते. परंतु प्रसंग निवडणे, तो एका चौकटीत बसवणे आणि एका चित्रातून पुढच्या चित्राकडे नेणे हा विचार त्यात आहेच. औंधच्या टेकडीवरील त्यांचे संग्रहालय १९३८ सालापासून आहे आणि साताऱ्याच्या विद्यार्थ्याने ते एकदा तरी पाहावे.

युरोपात मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक प्रथम केले ते कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने, १६५८ साली न्युरेंबर्ग येथे. वस्तूचे नाव शिकण्याआधी मुलाने वस्तू पाहावी, हे त्याचे म्हणणे. मराठीत बालभारतीच्या 'किशोर' मासिकाने नोव्हेंबर १९७१ पासून चित्रकारांची चित्रे खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत पोहोचवली. अलीकडच्या काळात लेखन आणि चित्रे दोन्ही स्वतः करणाऱ्या माधुरी पुरंदरे यांचे काम फार महत्त्वाचे आहे. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. 'राधाचं घर' मध्ये त्यांनी घरातली साधी माणसे काढली आहेत. त्यांत ना राजा आहे ना परी; तरी मूल पाने उलटत राहते, कारण त्याला ती माणसे ओळखू येतात. मी त्यांच्या पुस्तकांतून एवढे शिकले, की परिचित गोष्ट नीट पाहिली की तीच नवी होते.

बीज

पुस्तकाचे बीज कोठून येते? बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या इंग्रज चित्रकर्तीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १८९३ च्या सप्टेंबरमध्ये तिने आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, करमणूक म्हणून, चार सशांच्या गोष्टीचे सचित्र पत्र पाठवले. काही वर्षांनी तिने त्याचे पुस्तक केले. प्रकाशकांनी ते नाकारले, तेव्हा डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. १९०२ साली तेच पुस्तक रंगीत चित्रांसह एका प्रकाशकाने काढले आणि जगभर गेले. यातून मला एक गोष्ट पटली. पुस्तक 'सर्व मुलांसाठी' लिहायला घेतले की कोणासाठीच होत नाही. समोर एक मूल असावे. माझ्यासमोर माझा भाऊ होता.

विषयासाठी मी आधी स्ट्रॉबेरी निवडली होती. महाबळेश्वर म्हटले की स्ट्रॉबेरी, असा सोपा हिशोब. आई म्हणाली, "रोज वाकून वाकून कंबर मोडती त्येनं. आणि त्येचंच पुस्तक?" मग ती स्वतःच तिच्या वडिलांविषयी बोलू लागली. माझे आजोबा जंगलातून मध आणीत, पुढे त्यांनी मधपेट्याही ठेवल्या होत्या. मी चार वर्षांची असताना ते वारले. मला त्यांचा चेहराही आठवत नाही.

मधमाशी हा महाबळेश्वरचा जुना सोबती आहे. प्रतापगडाच्या बाजूचे मांघर हे गाव मे २०२२ मध्ये राज्यातले पहिले 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झाले. येथील जंगलात जांभूळ, हिरडा, गेळा यांचा फुलोरा असतो आणि कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. आईने सांगितले, की आपल्याकडे माश्या तीन तऱ्हेच्या. आग्या उंच कड्यावर किंवा उंच झाडावर एकच मोठे पोळे उघड्यावर टांगते आणि चवताळली तर जीव घेते. फुलोरी लहान, तिचे तळहाताएवढे पोळे झुडपाच्या बारीक फांदीला असते. सातेरी मात्र अंधारात राहते. झाडाच्या ढोलीत किंवा कपारीत ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. म्हणूनच ती पेटीत राहू शकते. उजेडावाचून तिचे अडत नाही.

ऐकता ऐकता मला गोष्ट दिसली. एक लहान मुलगी आज्ज्याबरोबर सातेरीचे घर शोधायला निघते. कड्याखाली जाते, तेथे आग्या. झुडपाशी जाते, तेथे फुलोरी. मग सातेरीचे घर कोठे? एवढीच गोष्ट. शोध, चूक, पुन्हा शोध आणि शेवटी सापडणे. लहान मुलांना अशी पुन्हा पुन्हा येणारी रचना आवडते, कारण दुसऱ्या वेळेपासून ती स्वतः अंदाज बांधू लागतात.

मजकुराची छाटणी

पहिला मजकूर मी एका रात्रीत लिहिला. तो ६४० शब्दांचा झाला. त्यात सूर्योदयाचे वर्णन होते, 'निसर्गाच्या कुशीत' असे शब्द होते आणि शेवटी मधमाशीपासून उद्योगशीलतेचा बोध होता. सरांनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "यातले चित्रात काय दिसणार आहे?" जे चित्रात दिसणार त्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारत गेले. सूर्योदयाखाली रेघ, झाडीखाली रेघ, मुलीच्या हिरव्या परकराखाली रेघ. रेघ मारलेले सर्व काढून टाकले तेव्हा २१० शब्द उरले. त्यातून बोध काढला. मधमाशी उद्योगी आहे हे तिला पाहणाऱ्या मुलाला सांगावे लागत नाही. शेवटी ११८ शब्द राहिले.

शब्द कमी झाले म्हणजे काम कमी झाले असे मुळीच नाही. मोठ्या लेखात एखादा शब्द सैल पडला तर चालून जाते. ११८ शब्दांत तो दगडासारखा टोचतो. वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावी लागतात, कारण ही पुस्तके बहुधा मोठ्यांनी मुलांना वाचून दाखवायची असतात. 'येथे वास्तव्य करते का' हे मी लिहिले होते. भावाने विचारले, "वास्तव्य म्हंजे?" ते वाक्य 'इथे राहते का सातेरी?' असे झाले.

पानांचा हिशोब

माझ्या दृष्टीने या अभ्यासातला सर्वांत उद्बोधक भाग हा होय. पुस्तकाची पाने मनाला येतील तितकी ठेवता येत नाहीत. छापखान्यात मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पाने छापून तो घडी घालतात, म्हणजे सोळा पानांचा एक फर्मा होतो. म्हणून पुस्तके बहुधा सोळाच्या किंवा आठाच्या पटीत असतात. मुलांची पुष्कळ चित्रपुस्तके सोळा, चोवीस किंवा बत्तीस पानांची दिसतात. चोवीस म्हणजे दीड फर्मा. मी सोळा पाने धरली.

यासाठी आधी कच्चे पुस्तक करावे लागते. मी चार कोरे कागद एकावर एक ठेवून मध्ये दुमडले आणि त्यावर पेन्सिलीने चौकोन, गोल आणि बाण काढून कोठे काय येणार हे मांडले. चित्र सुंदर नसले तरी चालते. येथे फक्त जागा ठरवायची असते. पहिले पान उजवीकडे एकटे येते, ते शीर्षकाचे. त्यानंतर दोन-तीन, चार-पाच अशा समोरासमोरच्या सात जोड्या आणि शेवटी सोळावे पान एकटे. म्हणजे माझ्या गोष्टीला सात दृश्ये आणि एक शेवट एवढीच जागा होती.

मग ध्यानात आले, की पान उलटणे हीच या पुस्तकातली सर्वांत मोठी घटना आहे. प्रश्न उजव्या पानावर विचारावा आणि उत्तर पान उलटल्यावर डाव्या हाताला दिसावे. मी आधी 'इथे राहते का सातेरी?' हा प्रश्न आणि 'नाही, ही तर आग्या!' हे उत्तर समोरासमोर घातले होते. त्यामुळे मुलाची नजर आधीच उत्तरावर जाई आणि गंमत संपे. भिलारला आई पान उलटण्याआधी का थांबली होती, याचे कारण मला येथे कळले. तिने कोणाकडून न शिकता ते ओळखले होते.

मोठ्या कलावंतांनी या पानांशी काय काय केले आहे! मॉरिस सेंडाक या अमेरिकन चित्रकाराच्या १९६३ च्या प्रसिद्ध पुस्तकात दंगेखोर मुलाला उपाशीच खोलीत झोपायला पाठवले जाते. आरंभी चित्र पानाच्या मध्यावर लहानसे आहे. मुलाचे मन जंगलात जाऊ लागते तसतसे चित्र वाढत जाते, पुढे दोन्ही पाने भरून टाकते आणि तेथे शब्द उरतच नाहीत. मुलगा घरी परततो तसे ते पुन्हा आटते. एरिक कार्ल याच्या १९६९ च्या सुरवंटाच्या पुस्तकात तर पानांना खरोखरच भोके आहेत, जणू सुरवंटाने खाल्लेली. ती कल्पना त्याला कागदाला भोके पाडणारे साधे यंत्र हाती असताना सुचली. आधी त्याने पुस्तकातला किडा योजला होता. संपादिकेशी बोलताना त्याचा सुरवंट झाला. पुस्तक एकट्याचे नसते, हेही यावरून दिसते.

चित्रे : पाहिलेले आणि ऐकीव

मला चित्रकलेचे रीतसर शिक्षण नाही. शाळेत असताना एलिमेंटरी परीक्षा दिली होती, तेवढेच. तरी चित्रे काढताना जी चूक झाली ती हाताची नव्हती.

बारा-तेराव्या पानांवर सातेरीचे घर सापडते. मी तेथे फांदीला टांगलेले, गोल वळ्यांचे, घुमटासारखे पिवळे पोळे काढले आणि त्याला मध्ये एक दार काढले. मला ते छान साधले असे वाटत होते. आईला दाखवले. ती पाने पाहत आली आणि तेथे थांबली.

"ह्ये काय हाय?"

"सातेरीचं घर."

"आगं तायडे, सातेरी अशी उघड्यावर टांगती व्हय? आणि असलं पोळं कुणी बघितलंय हितं? ह्ये आपलं न्हाई." तिने वही मिटून बाजूला ठेवली. "माज्या बाचं पुस्तक करतीयास तर त्येनं दावलेलं काढ."

मला राग आला आणि लाजही वाटली. दोन दिवस मी वही उघडली नाही. मग शोधल्यावर कळले, की ते घुमटासारखे पोळे म्हणजे युरोपात पूर्वी मधमाश्या पाळण्यासाठी वापरत असलेली गवताची पालथी टोपली. कोठल्या तरी देशातल्या चित्रकाराने ती आपल्या परसात पाहिली, तिचे चित्र काढले. त्याची नक्कल झाली, नकलेची नक्कल झाली आणि ती बालवाडीच्या भिंतीवरून माझ्या हातात आली. सातेरी माझ्या घरामागच्या जंगलात आणि मी काढत होते परदेशातली टोपली! ज्यांच्या गावाचे चित्र कधी पुस्तकात येत नाही, त्यांची मुले आपले गाव असूनही दुसऱ्याचे गाव काढतात. माझ्या मते हा प्रश्न फक्त चित्रकलेचा नाही.

मग मी जुन्या चित्रांना हात लावण्याआधी पाहायला लागले. माशीला पाय सहा, पंख चार. मी पाय चार काढले होते. सातेरीच्या पोटावर पट्टे असतात, पण पुस्तकांतल्यासारखे पिवळेजर्द नव्हेत, तपकिरी. सेंडाकचीच एक आठवण येथे देण्यासारखी आहे. त्याचे पुस्तक आधी रानटी घोड्यांचे होते. पण घोडे आपल्याला काढता येत नाहीत हे त्याला कळून चुकले आणि त्याने घोड्यांऐवजी स्वतःचे विचित्र प्राणी निर्माण केले. जे येत नाही ते लपवण्यापेक्षा मार्ग बदलणे बरे. मला ढोलीतला अंधार काढता येईना. ढोलीचे आतले दृश्य दाखवायचे, तर पोळी, माश्या, राणी असे सारे उजेडात काढावे लागेल आणि मग अंधार कोठे राहिला?

हा प्रश्नही आईनेच सोडवला. ती म्हणाली, "आत कुणी बघितलंय? बा मला झाडाला कान लावाया सांगायचा."

बारा-तेरा ही दोन्ही पाने मी काळी केली. फक्त उजवीकडे वर बोटाएवढे एक गोल छिद्र पांढरे ठेवले. ढोलीच्या आतून बाहेर पाहिले तर जसे दिसेल तसे. त्याआधीच्या अकराव्या पानावर आज्जा आणि नात झाडाला कान लावून उभे आहेत. बस्स.

पाऊस, रंग आणि झेरॉक्स

येथील पाऊस वाचकांना सांगायला नको. जून ते सप्टेंबर भिंतींना गवताचे तट्टे लावलेले, घरात दिवसा दिवा आणि कपडे चुलीवर वाळत घातलेले. अशा हवेत जलरंग वाळत नाहीत. एका पानावरचा हिरवा रंग दुसऱ्या पानाच्या पाठीवर उमटला. आठ दिवस पेटीत ठेवलेल्या तीन चित्रांवर बुरशी आली. म्हणून पाने चुलीच्या वर माळ्याला टांगली, तर ती धुराने पिवळी पडली. ती तीन चित्रे मी पुन्हा काढली. आग्याच्या कड्याचे चित्र मात्र धुरकटलेलेच ठेवले, कारण कड्यावर धुके उतरल्यासारखे दिसत होते.

अक्षरांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. पहिलीतल्या मुलाला जोडाक्षरे जड जातात. म्हणून मजकुरात ती शक्य तितकी टाळली. ओळ कोठे तोडावी हेही महत्त्वाचे आहे. 'इथे राहते का' ही एक ओळ आणि 'सातेरी?' ही दुसरी. अर्थ जेथे श्वास घेतो तेथे ओळ तुटावी. अक्षरासाठी चित्रात आधीच जागा मोकळी ठेवावी लागते. मी ठेवली नव्हती आणि पाचव्या पानावर आज्ज्याच्या धोतरावर मजकूर आला.

रंगीत छपाईचा खर्च आम्हाला पेलणारा नव्हता. रंगीत छपाईत निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार रंगांचे थर एकावर एक बसवून सारे रंग साधतात. त्यासाठी थोड्या प्रती छापणे परवडत नाही. मी पाच रंगीत झेरॉक्स काढल्या. दुकानदाराने बारा-तेरा ही पाने पाहिली आणि म्हणाला, "ताई, हे काय छापायचं? सगळी शाई ह्यातच संपेल!" काळ्या पानांवर पांढरट रेघा उठल्या त्या मी घरी काजळी लावून बुजवल्या. पाने मध्ये दुमडून दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने शिवली.

परीक्षा

पुस्तक पुरे झाले की नाही हे लेखक ठरवत नाही. आमच्या वस्तीतली सात मुले ओट्यावर बसवून मी वाचून दाखवले. सहा-सातव्या पानांवर दोन मुले उठून गेली. तेथे फुलोरीविषयी चार वाक्ये होती. मला माहिती द्यायची होती, त्यांना ती नको होती. काळ्या पानावर मी 'आत खूप अंधार होता. अंधारात हजारो माश्या गुणगुणत होत्या' असे वाचले. मुले ऐकून घेत होती, एवढेच.

दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक आईने त्याच मुलांना सांगितले. तिने माझी वाक्ये म्हटली नाहीत. तिला ती ठाऊक नव्हती. फुलोरीचे पान तिने एका शब्दात उलटले. अकराव्या पानाशी ती थांबली, पान उलटले आणि काहीच बोलली नाही. काळे पान तिने नुसते समोर धरले. थोडा वेळ गेला. मग सर्वांत लहान मुलीने पुढे होऊन पानाला कान लावला.

त्या रात्री मी फुलोरीची तीन वाक्ये काढली आणि काळ्या पानांवरची दोन्ही वाक्ये खोडली. पाचही प्रतींत तेथे काळा कागद चिकटवला. आता पुस्तकात ८६ शब्द आहेत. चित्रपुस्तकात गप्प राहणेही लेखनातच मोडते, हे मी जितके वाचले त्यापेक्षा त्या ओट्यावर अधिक कळले.

मुखपृष्ठावरचे नाव

शेवटचा प्रश्न मुखपृष्ठाचा राहिला. मी 'लेखन व चित्रे' असे लिहून पुढे माझे नाव घातले होते. सरांनी विचारले, "गोष्ट कोणाची?" मी निरुत्तर झाले. लोककथा, लोककला आणि घरातल्या बायकांच्या तोंडची गाणी पुस्तकात येतात, तेव्हा लिहून घेणाऱ्याचे नाव छापले जाते आणि सांगणारी व्यक्ती बाहेर राहते. मीही तेच करीत होते, आणि तेही आपल्या आईच्या बाबतीत.

मी आईला म्हटले, "तुझं नाव घालते." ती म्हणाली, "माजं कशाला? मी काय केलं? बाचं घाल." वडील तेथेच बसले होते. चार महिने 'चित्रं काढून पोट भरतंय का' असे विचारणारे वडील म्हणाले, "दोघांचं घाल. कागुद काय कमी हाय का?" आता मुखपृष्ठावर 'गोष्ट' या शब्दापुढे आजोबांचे आणि आईचे नाव आहे. आईचे नाव तिने स्वतः पाचही प्रतींवर लिहिले आहे. सहीखेरीज तिने लिहिलेले बहुधा हेच पहिले.

उपसंहार

या अभ्यासातून काही निष्कर्ष निघतात. चित्रपुस्तकाचा मजकूर चित्रांबरोबर घडतो, त्यांच्या आधी पुरा होत नाही. पाने मोजकी असल्यामुळेच विचार नेटका होतो. चित्र काढण्यापूर्वी वस्तू पाहावी. पाहता येत नसेल तर जिने पाहिली आहे तिला विचारावे. आणि मुलांना माहिती देण्याची घाई करू नये. ज्या मुलांच्या घरात वाचणारे कोणी नाही त्यांच्यासाठी अशी पुस्तके विशेष गरजेची आहेत, कारण ती घरातल्या न वाचणाऱ्या माणसालाही बोलते करतात. आपल्या तालुक्यात गोष्टी सांगणारी माणसे पुष्कळ आहेत. महाविद्यालयातल्या प्रत्येकाने घरातल्या एका माणसाकडून एक गोष्ट घेऊन सोळा पाने केली, तर आपल्या ग्रंथालयात एक वेगळे कपाट उभे राहील.

माझे पुस्तक निर्दोष नाही. आज्ज्याचा चेहरा चौथ्या आणि अकराव्या पानावर एकाच माणसाचा वाटत नाही, आणि पाचव्या पानावर अजूनही मजकूर धोतरावरच आहे. पाच प्रतींपैकी एक आपल्या ग्रंथालयात, एक सरांकडे आणि एक अंगणवाडीत आहे. चौथी आई दिवाळीला तापोळ्याहून लाँचने पलीकडे तिच्या माहेरी घेऊन गेली. पाचवी भावाकडे आहे. ती इतकी हाताळली गेली आहे, की मधली पाने सुटू लागली आहेत. पुढच्या पुस्तकाला टाके जवळजवळ घालावे लागतील.